अन्ननलिका आठ दिवसांत पुन्हा आवळते, ऑपरेशन आत्ताच उरकावं का?

तुमच्या लिहिण्यावरून एवढं कळलं: धाकटा भाऊ, वय २४, सोलापुरात अक्कलकोट रोडला डाईंगमध्ये (कापड रंगवण्याच्या कारखान्यात) कामाला. पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेला कॉस्टिक सोडा चुकून प्यायला, त्याला दहा आठवडे झाले. अन्ननलिका दोन ठिकाणी आवळलीय. चौथ्या आठवड्यापासून दर तीन आठवड्यांनी डायलेटेशन (आवळलेली नळी आतून ताणून रुंद करणं) चालू आहे, पण प्रत्येक वेळी आठ-दहा दिवसांतच घास अडकायला लागतो. घरचे म्हणतायत, पुण्याला न्या आणि एकदाचं ऑपरेशन उरकून टाका.

आत्ता नको. ॲसिडने भाजलं की वरचा थर गोठतो आणि आतल्या थरांना थोडाफार आडोसा मिळतो. कॉस्टिक मात्र मांस विरघळवत थेट स्नायूपर्यंत उतरतं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथे व्रण धरायला लागतो आणि पुढे काही महिने तो आकसतच राहतो. अशा जागेला जठर किंवा आतडं जोडलं तर नवा जोडही त्याच्याबरोबर आवळतो. शिवाय व्रण घशाकडे कुठपर्यंत चढलाय, हेही इतक्या लवकर नक्की ठरत नाही. म्हणून सर्जन सहसा निदान सहा महिने थांबतात.

तोवर डायलेटेशनच, पण नीट हिशोबाने. आठ दिवसांत बंद होणारी नळी तीन आठवड्यांनी उघडायची, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. सुरुवातीला आठवड्याने किंवा दहा दिवसांनी करून मग अंतर वाढवता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दुसरं, रिपोर्टमध्ये बुजीचा, म्हणजे रुंद करायला आत घालतात त्या लवचिक सळईचा, आकार मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, तो वहीत उतरवून ठेवा. आत जाताना बुजी अडायला लागली की तिथून पुढे एका बैठकीत तीनपेक्षा जास्त आकार चढवायचे नाहीत, हा जुना नियम. घाई केली की नळी फाटते. लक्ष्य १४-१५ मिलिमीटरचं. तेवढी रुंदी टिकली तर बहुतेक साधं जेवण उतरतं. दोन-दोन आठवड्यांनी पाच बैठका करूनही १४ गाठता आले नाहीत, तरच ‘दाद देत नाही’ असं म्हणतात. तुमच्या तीनच झाल्यात. आवळलेला भाग आखूड असेल तर व्रणात चारी बाजूंनी ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन पुढची डायलेटेशन कमी करता येतात. लांबलचक व्रणावर त्याचा उपयोग कमी. स्टेंटबद्दल (आत बसवून जागा उघडी ठेवणारी जाळीची नळी) कुणी सुचवलंय, त्यावर एवढंच: पूर्ण आवरण असलेला आणि काही आठवड्यांत काढायचा असेल तरच विचार करा. तोही बऱ्याचदा घसरतो आणि काढल्यावर नळी पुन्हा आवळते.

डायलेटेशननंतर छातीत किंवा पाठीत न थांबणारी कळ, ताप, धाप, किंवा मानेच्या कातडीखाली दाबल्यावर करकर लागणं, यातलं काहीही दिसलं तर नळीला भोक पडलंय असं धरून चाला. तोंडाने पाणीसुद्धा नाही, आणि सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी. ॲसिडिटी समजून खायचा सोडा पाजण्यात रात्र गेली की संसर्ग छातीत पसरतो.

वजन नऊ किलोंनी उतरलंय म्हणता, माझ्या मते खरा तातडीचा प्रश्न हा आहे. पोटाच्या कातडीतून थेट लहान आतड्यात नळी घालून घ्या, म्हणजे फीडिंग जेजुनोस्टोमी. जठरात नळी नको का, तर पुढे कदाचित तेच जठर वर ओढून अन्ननलिकेच्या जागी वापरायचं असतं. फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) थेंबाथेंबाने, सुरुवातीला ताशी ५० मिलिलिटरच्या आसपास. ग्लासभर एकदम ढकललं तर पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. प्रत्येक फीडच्या आणि औषधाच्या आधी व नंतर ३० मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी सोडा. जोंधळ्याच्या पिठाची पेज बारीक कापडातून गाळली नाही तर नळी तुंबते, जाडसर कुटलेल्या गोळ्यांनीही तेच. कातडीपाशी नळीवर पेनाने खूण करा. नळी निघाली तर घरी परत ढकलू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण वाट काही तासांत बुजायला लागते. तोंडाने खाणं सुरू झाल्यावरही कडक भाकरी, शेंगा आणि मटणाचे तुकडे बाजूलाच. मऊ भाकरी दुधात पार विरघळेपर्यंत कुस्करून, तीही ताठ बसून.

सहा महिन्यांनीही जमलं नाही तर शस्त्रक्रिया. त्याआधी बेरियम पाजून काढलेला एक्स-रे, कान-नाक-घसा डॉक्टरांकडून स्वरयंत्राची तपासणी, जठराची अवस्था आणि मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, एवढं झालेलं हवं. जठर चांगलं असेल तर ते वर ओढतात, अन्नमार्गाचा जोड एकच, मानेत. जठर आकसलं असेल तर मोठ्या आतड्याचा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट, बहुधा छातीच्या हाडामागून, वर नेतात. मग जोड तीन: मानेत, जठराशी, आणि उरलेल्या आतड्याचा आपसात. पाचव्या-सातव्या दिवशी मानेच्या जखमेतून लाळ झिरपू शकते. ती बहुतेकदा ड्रेसिंगवर आणि पोटाच्या नळीतून खाणं चालू ठेवून भरते. वर नेलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटून ते काळं पडलं, तर मात्र तातडीने पुन्हा उघडावं लागतं. मानेतला जोड नंतर आवळला की परत डायलेटेशन आलंच, त्यामुळे ‘एकदाचं उरकणं’ हे काही खरं नाही.

जुनी अन्ननलिका काढायची की आतच ठेवायची, यावर सर्जनांत दोन मतं आहेत. काढताना चिकटलेल्या श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राच्या नसेला धोका. ठेवली तर काही दशकांनी त्यात कॅन्सरची शक्यता. वय २४ म्हणून हा प्रश्न आवर्जून विचारा. नुसत्या डायलेटेशनवर भागलं तरी पंधरा-वीस वर्षांनी दुर्बीण तपासणी सुरू करायची, हे फाइलवर लिहून घ्या.

डायलेटेशनसाठी दर दहा दिवसांनी पुण्याच्या खेपा नकोत, एंडोस्कोपी करणारे अनुभवी डॉक्टर सोलापुरात आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र हे काम नियमित करणारी पोटविकार सर्जनची टीम शोधा, मग गाव कुठलंही असो. वर्षाला अशा किती केसेस करता, हे विचारायला लाजू नका. भावाचं ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर कामावरचा अपघात म्हणून नोंद झालीय का ते बघा. नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधी विचारून घ्या.

तिन्ही बैठकांचे बुजीचे आकार आणि बेरियमच्या रिपोर्टमधली आवळलेल्या भागांची लांबी इथे टाका, म्हणजे इंजेक्शनचा उपयोग होईल का यावर नेमकं बोलता येईल.