अमेरिकेतल्या कॉलेज जिम्नॅस्टिक्सचा यशस्वी मुख्य प्रशिक्षक नेमकं काय करतो, आणि त्या जागेपर्यंत पोहोचतो कसा?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारले आहेत. ही मंडळी वर्षानुवर्षं जिंकत कशी राहतात, आणि पुण्यातून तिकडे जाऊ पाहणाऱ्या, स्वतः मोठ्या पातळीवर न खेळलेल्या तुमच्यासारख्या माणसाला तिथे जागा मिळते का. दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, म्हणून आधी तेच.

मिळते. यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या व्हॅलरी कोंडोस फील्ड मूळच्या बॅले नर्तिका, जिम्नॅस्टिक्स त्यांनी कधी केलंच नाही. मुलींच्या फ्लोअर रूटीनचं, म्हणजे जमिनीवर संगीताच्या साथीने करायच्या ठरलेल्या कसरतीचं, नृत्य बसवायला म्हणून त्या आल्या, 1991 पासून मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि 2019 मध्ये निवृत्त होईपर्यंत 7 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. यूटा विद्यापीठाचे ग्रेग मार्सडेन हेही नावाजलेले जिम्नॅस्ट नव्हते. 1976 ते 2015 एकाच विद्यापीठात राहून त्यांनी 10 विजेतेपदं आणि हजाराहून अधिक विजय मिळवले.

आता पहिला प्रश्न. इथे आपल्या डोक्यातलं चित्र आधी बाजूला ठेवावं लागतं. आपण जिम्नॅस्टिक्स म्हटलं की दीपा कर्माकरची प्रोदुनोव्हा आठवते, म्हणजे टेबलावर हात टेकून मारायची (व्हॉल्ट) अतिअवघड उडी. रिओत त्या व्हॉल्टचे काठिण्याचेच गुण 7.0 होते, सफाईचे वेगळे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत 2006 पासून काठिण्याला वरची मर्यादा नाही, त्यामुळे धोका पत्करण्याला बक्षीस आहे. अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांत जुना दहा गुणांचाच हिशेब चालतो. ठरावीक काठिण्य पूर्ण केलं की रूटीन दहापासून सुरू होतं, त्यापुढे कितीही अवघड केलं तरी वर काही नाही. तिथे कोणी प्रोदुनोव्हा मारली तरी तिचे दहाच. मग प्रशिक्षकाचं सगळं कौशल्य कुठे लागतं? चुकांसाठी होणारी गुणांची कपात टाळण्यात.

आकडे बघा. चार साधनं: व्हॉल्ट, अनइव्हन बार्स (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या), बीम (अरुंद पट्टी), फ्लोअर. प्रत्येकावर सहा मुली उतरतात, सर्वोत्तम पाच गुण धरतात. म्हणजे वीस गुण, कमाल 200. राष्ट्रीय विजेतेपदाला हल्ली साधारण 198 लागतात, म्हणजे प्रत्येक मुलीची सरासरी 9.9. पडलं की 0.5 गेले. उतरताना लहानसं पाऊल हललं की 0.05 ते 0.1. मार्सडेन यांच्या शेवटच्या स्पर्धेत, 2015 च्या राष्ट्रीय अंतिम फेरीत, फ्लोरिडाचे 197.850 झाले आणि यूटाचे 197.800. वीस रूटीनमध्ये मिळून एका पावलाइतका फरक.

व्हॉल्टवरचा निर्णय हे याचं उत्तम उदाहरण. युरचेंको पद्धतीची (पाठमोरं टेबलावर जाऊन मारायची) एका पूर्ण गिरकीची उडी पूर्वी दहाची होती, 2016 च्या हंगामापासून ती 9.95 केली. दीड गिरकीची उडी दहाची. कागदावर दीड गिरकी केव्हाही चांगली. पण पूर्ण गिरकीत उतरताना टेबल समोर दिसतं, दीडमध्ये टेबलाकडे पाठ असते आणि जमीन उशिरा दिसते. तिथे एक पाऊल पुढे गेलं की 0.1 जातात, म्हणजे मिळवलेले 0.05 परत देऊन वर तेवढेच आणखी घालवले. शिवाय अर्धवट फिरलेल्या उतरणीत गुडघ्याचा लिगामेंट तुटण्याची भीती. म्हणून शहाणा प्रशिक्षक सहापैकी ज्या मुलींच्या दीड गिरकीचा उतार सरावात सातत्याने स्थिर आहे त्यांनाच ती देतो, बाकीच्यांना 9.95 वर ठेवतो. सहाच्या सहा जणींना दीड गिरकी द्यायची हौस जानेवारीत छान दिसते, एप्रिलमध्ये महागात पडते.

सहा जणींचा क्रम लावणं हे तर स्वतंत्र शास्त्र आहे. गुण सहसा क्रमाने चढत जातात, त्यामुळे सर्वांत चमकदार मुलगी शेवटी असते. पण माझ्या मते खरी परीक्षा पहिल्या जागेची. तिथे 9.95 मारणारी नको, दहातल्या दहा वेळा 9.8 च्या वर आणणारी हवी. पहिलीच पडली की उरलेल्या पाचही जणींचे गुण धरले जाणार हे प्रत्येकीला कळतं, आणि बीमवर असं कळणं फार वाईट. दोन संघांच्या लढतीत पाहुण्यांचा क्रम बार्स, व्हॉल्ट, फ्लोअर, बीम असा असतो. म्हणजे परक्या मैदानात, लोकांच्या आरड्याओरड्यात, शेवट दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर. म्हणून सरावात मुद्दाम गाणी लावून, बाकीच्यांना ओरडायला लावून बीमची रूटीन करून घेतात. 2018 च्या अंतिम फेरीत यूसीएलए बीमवर येताना मागे होतं. शेवटच्या पेंग-पेंग ली हिने दहापैकी दहा काढले आणि संघ 198.075 विरुद्ध 198.0375 असा ओक्लाहोमाच्या पुढे गेला. तिला शेवटी ठेवलं होतं हा योगायोग नव्हे.

उलट बाजूही सांगायला हवी. 2024 मध्ये ओक्लाहोमा अव्वल मानांकित होतं. उपांत्य फेरीत व्हॉल्टवर एकाहून अधिक मुली पडल्या आणि संघ तिथेच बाहेर. सहातला एकच गुण टाकता येतो, दोन पडल्या की एक अर्धा गुण अंगावर बसतोच, आणि 0.05 च्या खेळात अर्धा गुण भरून निघत नाही. त्यांच्या प्रशिक्षक के. जे. किंडलर यांनी पुढच्याच वर्षी, 2025 मध्ये, विजेतेपद परत आणलं. ओक्लाहोमातलं त्यांचं ते सातवं.

हंगामाचा हिशेब आणखी वेगळा. स्पर्धा जानेवारी ते मध्य एप्रिल, जवळपास दर आठवड्याला एक. क्रमवारीसाठी सगळे गुण धरत नाहीत: सर्वोत्तम सहा घ्यायचे, त्यातले किमान तीन बाहेरच्या मैदानावरचे हवेत, मग त्यातला सर्वांत मोठा टाकून उरलेल्या पाचांची सरासरी काढायची. समजा सहा गुण 197.9, 197.6, 197.5, 197.4, 197.3 आणि 197.2 आहेत. 197.9 गेला, सरासरी 197.4. घरच्या मैदानावर उदार पंचांसमोर काढलेल्या एका भरघोस गुणाचा उपयोग शून्य. घरी 198 आणि बाहेर 196 असा संघ क्रमवारीत घसरतो तो यामुळे.

हे सगळं करायला आठवड्याला फक्त 20 तास, आणि एक दिवस सक्तीची सुट्टी. नियम आहे तसा. क्लबमध्ये याहून कितीतरी जास्त तास घालवलेल्या मुलींना पहिल्या वर्षी हे विचित्र वाटतं. सर्वसाधारण आठवडा असा: शुक्रवारी स्पर्धा, मग विश्रांती, आठवड्याच्या सुरुवातीला ताकदीचे व्यायाम आणि मऊ गाद्यांवर रूटीनचे तुकडे, मधल्या दिवसांत पूर्ण रूटीन, आदल्या दिवशी हलकं. कठीण फ्लोअरवर पूर्ण रूटीन आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. नवे प्रशिक्षक इथेच फसतात. नोव्हेंबरात संघ तयार दिसावा म्हणून रोज पूर्ण रूटीन घेतात, आणि फेब्रुवारीत घोटे, नडगी, टाचेमागची शीर बोलू लागते. ही शीर (अकिलिस) टंबलिंगच्या (धावत जाऊन सलग मारायच्या कोलांट्यांच्या) उडीच्या क्षणी तुटते आणि हंगाम संपतो. जानेवारीत फ्लोअरवर तीनऐवजी दोन टंबलिंग फेऱ्या ठेवून, उरलेलं काठिण्य नृत्यातल्या उड्यांतून काढणं हा भित्रेपणा नव्हे.

शिवाय एकूण जागा 24. चारही साधनं करणाऱ्या तीन मुली असतील तर बारा जागा त्यांच्याकडे. त्यातली एक जायबंदी झाली की एका रात्रीत चार भोकं. म्हणून प्रत्येक साधनावर आठ-नऊ स्पर्धायोग्य रूटीन तयार ठेवायची. सहा जणी झाल्यावर एखादीचं रूटीन गुणांत न धरता प्रदर्शन म्हणून करून घेण्याची सोय आहे. लोक तोवर वडापाव, म्हणजे तिथे पॉपकॉर्न, आणायला उठलेले असतात, पण प्रशिक्षकाच्या दृष्टीने ती वेळ सोन्याची. राखीव मुलगी गर्दीसमोर काय करते ते तिथेच कळतं.

भरतीला मी निम्मं काम म्हणेन. मुलीच्या दहावीनंतरच्या 15 जूनपासून थेट संपर्क करता येतो, त्याआधी फक्त बघायचं. बघायचं काय? सर्वांत अवघड उडी नव्हे. पडल्यानंतर पुढच्या साधनावर ती कशी उभी राहते, प्रत्येक स्पर्धेत उतार तसाच येतो का, गुडघ्या-घोट्यांचा इतिहास काय, अभ्यास झेपेल का. आणि आपल्याकडे कुठलं साधन रिकामं होणार आहे: चौथ्या वर्षाच्या तीन बार्सवाल्या जाणार असतील तर चौथी फ्लोअरवाली घेऊन काय करणार? अनेक वर्षं प्रत्येक संघाला 12 पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा जाऊन संघाचीच मर्यादा 20 झाली. त्यात 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा, आणि विद्यापीठ बदलणंही सोपं. पूर्वी चार वर्षांचं गणित एकदा मांडलं की भागायचं, आता ते दर एप्रिलात नव्याने मांडावं लागतं.

एक काम बाहेरून दिसत नाही: गर्दी जमवणं. मार्सडेन यांनी सुरुवात केली तेव्हा शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करून महिलांच्या खेळालाही वाट देणारा 1972 चा कायदा नवाच होता आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर स्पर्धा होत. संघ जिंकू लागला तसं त्यांनी स्पर्धेचं रूपच बदललं, दिवे, संगीत, ओळख करून देणं, आणि सुमारे पंधरा हजारांचं सभागृह भरू लागलं. विद्यापीठ खर्चाला कात्री लावतं तेव्हा भरलेलं सभागृह हाच प्रशिक्षकाचा वकील असतो. पुरुषांचे संघ आता पंधराच्या आसपास उरले आहेत, त्यावरून कल्पना येईल.

कारकिर्दी किती लांब चालतात ते बघितलं की दडपण येतं. 1982 पासून 2025 पर्यंत महिलांचं विजेतेपद फक्त आठ विद्यापीठांत फिरलं आहे. जॉर्जियाच्या सुझान योकुलन यांनी 10 मिळवली, त्यातली शेवटची पाच सलग (2005 ते 2009), आणि तिथेच थांबल्या. मिशिगनच्या बेव्ह प्लॉकी यांना पहिलं विजेतेपद मिळालं 2021 मध्ये, त्यांच्या 32 व्या हंगामात. एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) डी-डी ब्रो 43 हंगाम राहिल्या, एकही नाही. पण त्यांनी उभा केलेला संघ 2024 मध्ये त्यांचे उत्तराधिकारी जे क्लार्क यांच्या हाताखाली जिंकला. आणि हे क्लार्क कोण? योकुलन यांच्यानंतर जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक झालेले, पहिल्याच हंगामात संघ राष्ट्रीय फेरीपर्यंत न पोहोचल्याने टीका झेललेले, 2012 मध्ये राजीनामा देऊन दुसरीकडे पुन्हा सहाय्यक म्हणून रुजू झालेले. वारसा मिळालेला संघ उभ्या केलेल्या संघापेक्षा अवघड असतो, हे त्यांना विचारावं.

तुम्ही पुण्यातून तिकडे जायचं म्हणता, तर वाट अशी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका शिकायला उपयोगी, पण तिथल्या जाहिरातींत आधी मागतात ती पदवी आणि भरतीचा अनुभव. नेहमीचा क्रम: क्लबमध्ये लेव्हल टेनच्या मुली शिकवणं (ही अमेरिकी क्लबमधली ऑलिंपिकच्या वाटेखालची सर्वांत वरची पातळी, कॉलेजचे नियम तिच्यावरूनच बेतलेले आहेत), मग विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेताना मदतनीस, मग एक-दोन साधनांची जबाबदारी असलेला सहाय्यक, मग सहयोगी मुख्य प्रशिक्षक. पूर्वी बिनपगारी स्वयंसेवक प्रशिक्षक ही आत शिरायची खिडकी होती, 2023 पासून ती वेगळी जागा बंद झाली. यूएसए जिम्नॅस्टिक्सचं सदस्यत्व, पार्श्वभूमीची तपासणी आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेचं सेफस्पोर्ट प्रशिक्षण क्लबपासूनच लागतं.

त्याआधी इथे बसून करण्यासारखं एकच सुचवेन. लेव्हल टेनची पंचांची नियमावली मिळवा आणि जुन्या स्पर्धांचे व्हिडिओ आवाज आणि गुणफलक झाकून बघा. प्रत्येक रूटीनची कपात स्वतः लिहा, मग गुण उघडा. तुमचा आकडा पंचांच्या 0.05 च्या आत येऊ लागला की बार्सवर मुलींना हात देऊन सांभाळायला शिका. सहाय्यकाच्या जागा निघतात त्यात बार्सवाल्याला मागणी चांगली असते.