तुझी ऊसतोडीची कथा वाचली

अगं, तुझी कथा दोनदा वाचली. शिरूर कासारकडचं जोडपं कराडच्या बाजूला ऊसतोडीच्या फडावर आलंय आणि इकडे गावात नवऱ्याची म्हातारी आई वारते, विषय तू मनापासून घेतलायस हे ओळीओळीत दिसतंय. पण मला रडू आलं नाही. का नाही आलं ते स्पष्टच लिहितो, कारण ही कथा फार चांगली होऊ शकते असं मला खरंच वाटतं.

तू सगळं रडणं स्वतःच उरकून टाकलंस. फोन आला की लगेच आभाळ कोसळतं, काळजाचं पाणी होतं, डोळ्यांतून गंगा-यमुना वाहतात, आणि हे सगळं एकाच पॅराग्राफमध्ये, मग वाचकाने काय करायचं? रशियन लेखक चेखवने १८९२ मध्ये लिदिया अविलोवा या लेखिकेला पत्रात हेच कळवलं होतं, की दुःखी माणसांबद्दल लिहिताना वाचकाला कळवळा यावा असं वाटत असेल तर स्वतः जरा थंड राहा, त्याने त्यांच्या दुःखाला पार्श्वभूमी मिळते आणि ते उठून दिसतं. त्याने स्वतः तसंच लिहिलंय. त्याच्या १८८६ च्या एका कथेत मुलगा गेलेला गाडीवाला भेटेल त्या गिऱ्हाइकाला ते सांगू बघतो, कुणालाच ऐकायला वेळ नसतो, शेवटी तो आपल्या घोड्याला सांगतो. तिथे लेखक कुठेही गळा काढत नाही. मिळाली तर वाच.

आता तुझ्याकडे काय होतं बघ, आणि तू ते एका ओळीत संपवलंस! नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेत ते त्या कोयत्यावर, आणि हंगामभर तोडून ती फेडायची. नवरा गावाकडे गेला की मागे राहिलेली बाई अर्धा कोयता, आणि कामावर नाही त्या दिवसाचा खाडा, त्याचे पैसे कापणार. म्हणजे आई गेल्याचा फोन आला त्याच क्षणी त्या माणसाच्या डोक्यात आई पण येणार आणि हिशोब पण येणार, आणि आत्ता हिशोब कसा काय आठवला याची त्याला स्वतःचीच लाज वाटणार. मला तिथे थांबायचं होतं गं. मोळी अर्धी बांधलेली आहे, गाडी भरायची राहिलीय, टोळी आणणाऱ्या मुकादमाला सांगायचंय, बायको म्हणते तुम्ही व्हा पुढं, गाडीचं मी बघते, आणि तो हो म्हणतो पण हातातली मोळी बांधूनच उठतो. एवढंच लिही. त्याला काय वाटलं ते लिहू नकोस. कराडहून रात्रभर एसटी बदलत तो जाणार आणि मातीला पोचणार नाही, हे पण सरळ सांगून टाक, विशेषणं लावू नकोस.

दुसरं, म्हातारी मरते तेव्हा मी तिला ओळखतच नाही. दिवाळीनंतर पोरं तिच्याजवळ ठेवून हे दोघं निघाले, तो निघण्याचा सीन कुठाय? तिला जिवंत कर आधी. हट्टी असू दे, सुनेला टोचून बोलणारी असू दे, फोनवर पोरांच्या तक्रारी सांगणारी असू दे, अगदी हसू येईल अशी असू दे. फडावरची माणसं पण हसतात, चेष्टा करतात, तुझ्या कथेत पहिल्या ओळीपासून सगळे नुसते उसासे टाकतायत. आणि ती गेल्यावर पोरं कुणाकडे राहणार, शाळा सोडून फडावर येणार का, हा प्रश्न तुला सुचलाच नाही? माझ्या मते कथेतलं सगळ्यात मोठं दुःख तिथे आहे.

बाकी दुष्काळ, सावकार, ऑपरेशन हे सगळं काढून टाक. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या बातम्या आल्या होत्या, तो विषय भयंकर गंभीर आहे आणि म्हणूनच त्याला दोन ओळींत आटपू नकोस, त्याच्यावर वेगळी कथा लिही, त्यासाठी बायकांशी बोलावं लागेल, वेळ लागेल. स्वप्नात आई येऊन डोक्यावरून हात फिरवते तो क्लायमॅक्स पण नको. तो परत फडावर येतो आणि मुकादम खाड्याचे दिवस मोजतो, तिथे थांबलीस तरी चालेल.

एक शेवटचं विचारायचंय. हे तुझ्या ओळखीच्या कुटुंबात घडलंय असं तू म्हणालीस, तर त्यांना माहितीये का तू लिहितेयस ते? नसेल तर आधी सांग त्यांना. गाव बदल, नातं बदल, आणि त्या घरातल्या ताईंना वाचून दाखव. त्या जिथे म्हणतील 'असं नसतं हो', तिथे त्यांचं ऐक, माझं नको. मग पाठव मला, कितीही लांब झाली तरी वाचेन.

तुझा,
काका