चकलीची ओळ मध्यावर येईना

प्रश्न : आईच्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरींसाठी मी वेबपेज केलंय. १२० पिक्सेल उंचीच्या पट्टीत ‘चकली सध्या शिल्लक नाही’ हा मजकूर वरखाली बरोबर मध्यावर हवा आहे. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) ‘व्हर्टिकल-अलाइन: मिडल’ दिलं, ढिम्म हलत नाही. ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) १२० पिक्सेल केली तर लॅपटॉपवर झकास, पण काकांच्या फोनवर मजकूर दोन ओळींत जातो आणि दुसरी ओळ पट्टीबाहेर पडते.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ‘व्हर्टिकल-अलाइन’च्या नावाला भलेभले फसतात. ते चालतं ओळीतल्या घटकांना आणि टेबलच्या खणांना. तुमची पट्टी साधा डिव्ह, म्हणजे पानावरचा साधा चौकोनी कप्पा आहे. आयई ६ (इंटरनेट एक्सप्लोरर हा जुना ब्राउझर) च्या काळात एरंडवण्यातल्या खोलीत बसून मी यासाठी चक्क टेबल टाकायचो, आणि क्लायंटला सोर्स कोड दाखवायची वेळ आली की विषय बदलायचो.

आता पट्टीला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ आणि ‘अलाइन-आयटम्स: सेंटर’ द्या. ‘हाइट’ काढून ‘मिन-हाइट’ लिहा, म्हणजे काकांच्या फोनवर पट्टी गरजेपुरती वाढेल. मात्र ‘शिल्लक नाही’ तेवढंच ठळक केलंत, तर फ्लेक्स त्याला वेगळा तुकडा समजून वाक्य शेजारी-शेजारी तोडून मांडतो. म्हणून अख्खं वाक्य आधी एका ‘पी’ (परिच्छेदाच्या) टॅगमध्ये घाला.

आयई ११ मध्ये ‘मिन-हाइट’सोबत हे गंडतं, पण मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये त्याला निरोप दिलाय, चकलीसाठी त्याची काळजी नको. क्रोम १२३, सफारी १७.४ आणि फायरफॉक्स १२५ पासून साध्या डिव्हलाही नुसतं ‘अलाइन-कन्टेन्ट: सेंटर’ चालतं. काकांचा फोन जुना असेल, तर फ्लेक्सच बरा.

एवढं करूनही मजकूर केसभर वर किंवा खाली वाटेल. ब्राउझर अक्षरं पाहत नाही, फॉन्टने वर-खाली राखलेली जागा धरून ओळीचा चौकोन मध्यावर ठेवतो. विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, असा फॉन्ट बदलला की ती जागाही बदलते. ‘मुक्ता’सारखा एकच वेबफॉन्ट सगळीकडे लावा आणि उरलेला एखादा पिक्सेल पॅडिंगने (कडेच्या आतल्या मोकळ्या जागेने) सारा. तपासताना ‘चकली’ लिहून पाहू नका, तिला वर वेलांटी आहे आणि खाली काहीच नाही. ‘कुरकुरीत’ लिहा.