'पॅरिटी'ला समता म्हणू नका

परभणीचे एक वाचक सहकारी बँकेच्या संगणक विभागात आहेत. स्टोरेजच्या, म्हणजे बँकेची माहिती साठवणाऱ्या डिस्कांच्या, खरेदीच्या निविदेचा मराठी मसुदा त्यांच्या टेबलावर आलाय. त्यात 'रॉ कपॅसिटी'ची 'कच्ची क्षमता', 'पॅरिटी'ची 'समता' आणि 'स्नॅपशॉट'चं 'क्षणचित्र' केलेलं आहे. हे चालेल का, असा त्यांचा प्रश्न.

'कच्ची' नको. कच्चं म्हटलं की ते पुढं पक्कं होणार असं वाटतं. इथं तर हातात येईपर्यंत जागा घटत जाते. माझं गाव पैठण आणि पोट सर्व्हरवर, त्यामुळं मला शब्द शोधायला लांब जावं लागलं नाही. नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाची, एकूण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातली उपयुक्त २१७१, उरलेला ७३८ मृत साठा. पेपरात 'जायकवाडी ६० टक्के' छापून येतं ते उपयुक्त साठ्याचे टक्के, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. तीच जोडी उचला: एकूण क्षमता आणि उपयुक्त क्षमता. ४ टेराबाइटच्या ८ डिस्क घेतल्या तर एकूण ३२. रेड ६, म्हणजे डिस्क बिघडली तरी माहिती वाचावी म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधायची एक पद्धत, लावलं की दोन डिस्कांएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे गेलेलं परत काढायच्या हिशेबात, जाते, उपयुक्त उरतात २४. विकणारा ३२ म्हणतो आणि बँक २४ वापरते, म्हणून निविदेत आकड्याच्या मागं यातला एक शब्द हवाच. ('साठा' मात्र इथं लिहू नका. साठा म्हणजे आत आहे तो माल. मावतं किती ती क्षमता.)

गेलेल्या त्या ८ टेराबाइटना कुणी हौसेनं 'मृत' म्हणेल. तेही नको, कारण डिस्क मेली की तीच जागा कामाला येते.

आता समता. गणितात पॅरिटी म्हणजे संख्या सम की विषम एवढंच. सामाजिक समतेशी तिचा काही संबंध नाही. कोशातला पहिला अर्थ उचलला की असं होतं. माझ्या मते याला मराठीत तयार शब्द आहे: ताळा. शाळेत गणित सुटलं की ताळा करून बघायचो, तोच. समजा तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ लिहिलंय. चौथीवर त्यांची बेरीज ठेवली, २०. मधली डिस्क गेली तर २० मधून ७ आणि ९ वजा करा, ४ परत हातात. यंत्र बेरजेऐवजी शून्य-एकाचा सम-विषम हिशेब धरतं, आणि ताळा एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटून ठेवतं. (रेड ६ मधला दुसरा ताळा वेगळ्या गणितानं निघतो.) शाळेतला ताळा चूक दाखवून थांबायचा, हा हरवलेलं परत आणतो. म्हणून 'ताळ्याची नोंद' म्हटलं तर जास्त बरं.

'क्षणचित्र' ऐकायला गोड आहे, पण त्यानं वेगळी प्रत काढून ठेवल्याचा भास होतो. स्नॅपशॉट म्हणजे एखाद्या क्षणी माहिती कशी होती ते धरून ठेवणं, आणि तो घेताना सहसा कुठलीच प्रत निघत नाही. जुन्या हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर फेरफार झाला की आधीच्या नावाला कंस करायचे, पुसून टाकत नसत. तसं त्या वेळचं जुनं पुसायचं नाही, नवं दुसरीकडं लिहायचं. सातबाऱ्याचा कागदच जळाला तर कंसातलं नावही गेलं. म्हणून स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, वेगळ्या जागी ठेवलेली प्रत, नव्हे. हे दोन्ही शब्द तसेच ठेवा. बॅकअपला 'राखीव' केलंत तर वाचणारा एखादी बिघडली तर लावायला ठेवलेली जादा डिस्क समजेल. ती वेगळी चीज आहे, आणि राखीव हे नाव तिलाच शोभतं.

वर्षानुवर्षांच्या नोंदी टेपवर टाकतात त्या आर्काइव्हला मात्र मी बोलताना 'पेव' म्हणतो, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. रोजची ज्वारी कणगीतून, पेव अडीअडचणीला. उघडायला वेळ लागतो आणि उघडल्याबरोबर आत उतरता येत नाही. निविदेत लिहा असं म्हणणार नाही, कारण आता पेव उरलंय ते फक्त फुटण्यापुरतं.

राहिलं रेड. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या तिघा संशोधकांनी हे नाव (RAID) मांडलं, तेव्हा त्यातल्या आय या अक्षराचा अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढं महाग डिस्क विकणाऱ्यांच्या काळात तो 'स्वतंत्र' झाला. हे नाव बदलू नका, पण पहिल्यांदा येईल तिथं 'रेड ६ पद्धतीचा डिस्क-संच' असं पूर्ण लिहा. नुसतं 'बँकेत रेड' वाचलं तर संचालक मंडळाला वाटायचं, धाडच पडली.