बस चुकली, म्हणजे देवाने काही सांगितलं का?

“माझा विश्वास खरा आहे की नाही हे मी रोज रात्री तपासते, आणि रोज नापास होते.”

असं सांगणारी माणसं उपासना चुकवणारी नसतात. उलट ती संडे स्कूलमध्ये शिकवतात, प्रार्थनासभेला वेळेआधी येतात, दुसऱ्यांसाठी उपास धरतात. इथे जिची हकिगत आहे ती बाई म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. अशाच तक्रारी घेऊन आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी येणाऱ्या अनेकांच्या अनुभवांतून ती उभी केली आहे, म्हणजे कोणाची ओळख उघड होत नाही आणि दुखणं मात्र नेमकं दाखवता येतं.

वय पस्तिशीच्या आसपास, दोन मुलं, नोकरी. एका प्रवचनात त्यांनी ऐकलं होतं की देव रोजच्या साध्या प्रसंगांतून बोलतो, आपण ऐकलं पाहिजे. त्या दिवसापासून त्यांनी वही घातली. सात आठवड्यांत दोनशे पानं भरली. पानाला दोन रकाने: डावीकडे ‘प्रसंग’, उजवीकडे ‘धडा’.

बस चुकली: मी प्रभूची वेळ ओळखत नाही. दिवे गेले: येशूच्या दाखल्यातल्या त्या पाच मूर्ख कुमारींसारखं माझ्या दिव्यातलं तेल संपलंय. नळ गळतोय: माझी प्रार्थना अशीच वाया जाते. धाकट्याला ताप आला: इथे मात्र उजवा रकाना पानभर होता, आणि शेवटच्या ओळी खोडलेल्या.

पहिल्या भेटीत धड्यांवर वाद घालायचा नसतो. आधी साधे प्रश्न विचारायचे. वही किती वाजता लिहिता? रात्री अकराला. संपते कधी? साडेबारा, कधी एक. उठता कधी? साडेपाचला. म्हणजे झोप साडेचार-पाच तासांची, आणि त्या थकव्यात हा न्यायनिवाडा. बायबलमधल्या १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलिया झाडाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला काही शिकवायला जात नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, डोंगरावर येतो. म्हणून पहिल्या आठवड्याचा गृहपाठ एवढाच होता: वही बंद, दहाला अंथरुणावर. त्यांना हा जरा अपमानच वाटला. आध्यात्मिक प्रश्न घेऊन यावं आणि झोपेवर बोलणं व्हावं!

दुसऱ्या भेटीत त्या आणि मार्गदर्शक अशा दोघींनी वही वाचली. धडे बाजूला ठेवून फक्त डावा रकाना. तो वाचताना जे दिसलं ते उजव्या रकान्यात कधीच दिसलं नसतं. बस, दिवे, नळ, ताप, हरवलेली किल्ली, फुटलेली कपबशी: सगळ्या त्यांच्या बाबतीत *घडलेल्या* गोष्टी. त्यांनी स्वतः *केलेली* गोष्ट जवळजवळ एकही नाही. आणि सात आठवड्यांत धाकट्या बहिणीचं नाव एकदाही नाही. वडिलांच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघींचं भांडण झालं होतं, अबोला पाच महिने चालू होता. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ते घरातलं आहे, त्याचा विश्वासाशी काय संबंध?”

पुढची सगळी भेट त्या प्रश्नावर गेली.

अपघातातून देवाचा निकाल वाचायची सवय जुनी आहे, आणि पवित्र शास्त्रात ती अनेक ठिकाणी चुकीची ठरते. प्रेषितांची कृत्ये २८ मध्ये पौल मेलिता बेटावर शेकोटीसाठी काटक्या घालतो आणि साप त्याच्या हाताला डसतो. बेटावरचे लोक लगेच म्हणतात, हा खुनी असला पाहिजे. तो मरत नाही असं पाहिल्यावर तेच लोक म्हणतात, हा देव आहे. साप एक, माणूस एक, निष्कर्ष दोन, आणि दोन्ही चुकीचे. योहान ९ मध्ये शिष्य विचारतात, हा जन्मापासून आंधळा, तर पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली त्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून जास्त अपराधी होती का? नाही, असं येशू स्पष्ट म्हणतो. मात्र तिथेच तो ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाला बोलावतो, हे गाळून चालणार नाही. म्हणजे एखादी घटना माणसाला जागं करू शकते. कोणाचं वजन किती हे ती सांगत नाही.

यावर त्यांचा आक्षेप चांगला होता. येशूनेही रोजच्याच गोष्टींतून शिकवलं ना? बी, खमीर, दिवा, हरवलेलं नाणं? होय. पण दाखले नीट पाहा. खमीर घातलं की पीठ फुगतंच. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं की ते फाटतंच. दहातलं एक नाणं हरवलेली बाई दिवा लावून घर झाडतेच. हे नेहमी, सगळ्यांच्याच बाबतीत होणारं आहे, आणि येशू त्यातून देवाचं राज्य कसं आहे ते सांगतो. ‘मंगळवारी तुझं नाणं हरवलं, म्हणजे तुझा विश्वास कच्चा’ असं तो कुठेही म्हणत नाही. गळका नळ पाहून प्रार्थनेची आठवण झाली तर त्यात वावगं काही नाही. ती उपमा आहे. उपमेला निकालपत्र समजलं की घोटाळा होतो. नळाला नवा वॉशर हवा असतो, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. २ करिंथ १३:५ मध्ये पौल म्हणतोच की आपण विश्वासात आहोत की नाही याची परीक्षा करा. मग परीक्षा सोडायची कशी? सोडायची नाहीच. पण ते वचन कोणाला लिहिलं ते दोन ओळी वर जाऊन वाचावं. करिंथकर मंडळी पौलाकडे पुरावा मागत होती की ख्रिस्त खरंच तुझ्याद्वारे बोलतो का. पौल तो प्रश्न त्यांच्याकडेच वळवतो: मला तपासण्याआधी स्वतःला तपासा. आणि ख्रिस्त तुमच्यात आहे हे तुम्हाला कळत नाही का, असंही विचारतो. ते उत्तीर्ण होतील हे धरूनच तो लिहितो आहे. हाच पौल याच मंडळीला १ करिंथ ४ मध्ये लिहितो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. दोन्ही वचनं एकत्र धरली की मर्यादा दिसते. आपण तपासायचं, निकाल द्यायचा नाही. त्या बाईंच्या वहीत नेमकं उलटं होतं: तपास चार शब्दांचा, निकाल पानभर.

मग वहीचा आराखडा बदलला. त्याचा सांगाडा नवा नाही. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, त्यातल्या दैनिक आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या अशा: आभार, प्रकाशाची विनंती, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमा, सुधारणेचा निश्चय. प्रॉटेस्टंट मंडळीतल्या माणसाला त्यात अडचण यावी असं काही नाही. फक्त क्रम मोडू नये, कारण आभारांआधी उजळणी सुरू केली की ती आरोपपत्र होते.

एकूण वेळ पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. झोपण्यापूर्वी नाही. संध्याकाळी जेवणाआधी, नाहीतर सकाळी आदल्या दिवसासाठी.

आभाराला दोन मिनिटं आणि एकच गोष्ट. ‘सगळ्याबद्दल आभार’ चालत नाही. कोणी, कधी, काय केलं ते लिहायचं. मग स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओळी हळू वाचायच्या. तिथे ‘देवा, मला पारख’ अशी विनंती आहे. पारखणारा देव आहे, आपण नाही, एवढं तिथे लक्षात आलं तरी पुरे. उजळणीला सात-आठ मिनिटं. सकाळपासून एकेक तास डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा आणि *एकच* प्रसंग निवडायचा, ज्यात दुसरा माणूस आहे आणि आपण काही बोललो, केलं किंवा टाळलं आहे. नळ, बस, दिवे बाद.

तो प्रसंग तीन वाक्यांत, कॅमेऱ्याने टिपल्यासारखा लिहायचा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ‘मी मुलाशी उद्धटपणे वागले’ हा निकाल झाला. ‘त्याने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. मी फोनवरून नजर न काढता म्हणाले, तुला एकदा सांगून कळत नाही का? तो खोलीत गेला’ ही नोंद झाली. पहिल्या वाक्यावर फक्त रडता येतं. दुसऱ्यातून उद्या काय करायचं ते दिसतं: फोन खाली ठेवायचा.

त्याखाली एक प्रश्न: त्या क्षणी मला काय हवं होतं, किंवा काय गमावण्याची भीती होती? आणि मग गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मधली आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणं समोर ठेवून त्यातलं एकच निवडायचं, सहनशीलता किंवा सौम्यता, जे त्या प्रसंगाला लागू आहे. नऊही तपासायला बसलात तर पुन्हा रात्रीचा एक वाजेल. क्षमा एकदा मागायची. एकदाच. शेवटी उद्यासाठी एक कृती, माणसाच्या नावासह आणि वेळेसह. वही बंद.

पहिल्या आठवड्यात त्या बाईंनी एकाऐवजी पाच-सहा प्रसंग लिहिले. दुसऱ्यात क्षमा चार-चार वेळा, कारण ‘मनापासून मागितली नाही असं वाटलं’. तिसऱ्यात वही छान जमली आणि नवीच गोष्ट दिसली: हल्ली आपण बऱ्या आहोत अशी मोजदाद. लूक १८ मधला परूशीही (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी) मंदिरात आत्मपरीक्षणच करत होता, आठवड्यातले दोन उपास आणि दशांश मोजून. हे टप्पे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतात. येऊन जातात.

क्षमा पुन्हा पुन्हा मागणं मात्र वेगळं, त्याकडे नीट पाहावं लागतं. धर्मभीरू मनाच्या या अवस्थेसाठी लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘टोकदार बारीक खडा’, चपलेत शिरून पावलागणिक टोचणारा. आत्मपरीक्षणाची पद्धत देणारा इग्नेशियस स्वतः यात सापडला होता. १५२२ मध्ये तीन दिवस लागले इतकं सविस्तर पापनिवेदन लिहून झाल्यावरही स्पेनमधल्या मान्रेसा इथे त्याला काही राहून गेल्याची टोचणी लागली. स्पष्ट असेल तेवढंच पुन्हा सांग, असं सांगण्यात आलं. त्याला सगळंच स्पष्ट वाटे, म्हणून उपयोग झाला नाही. जीव देण्याचा विचार येण्यापर्यंत मजल गेली. शेवटी जुनी पापं पुन्हा सांगणं त्याने पूर्ण थांबवलं, तेव्हा सुटका झाली.

खरी टोचणी आणि हा खडा ओळखायला २ करिंथ ७:१० उपयोगी पडतं: एक दुःख पश्चात्तापाकडे नेतं, दुसरं मरणाकडे. व्यवहारात फरक असा. पवित्र आत्म्याची टोचणी नेमकी असते, कोणाशी काय केलं ते सांगते, माणसाला त्या दुसऱ्या माणसाकडे पाठवते, आणि भरपाई झाली की थांबते. खडा धूसर असतो, स्वतःभोवती फिरवतो, आणि क्षमा मागितल्यावर आणखी टोचतो.

रोज तासाहून जास्त वेळ अशा विचारांत किंवा प्रार्थना घोकण्यात जात असेल, ‘मला क्षमा झाली ना?’ हे पाळकांना पुन्हा पुन्हा विचारावं लागत असेल, प्रभुभोजन टाळलं जात असेल, झोप उडाली असेल, तर तो ओसीडीचा (नको असलेले विचार आणि कृती पुन्हा पुन्हा येत राहण्याच्या मानसिक आजाराचा) धार्मिक प्रकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत: भीतीला सामोरं जाऊन विधी न करण्याचा सराव करवणारी थेरपी, आणि गरजेप्रमाणे औषधं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हा अविश्वास नव्हे. अशा वेळी आत्मपरीक्षणाची वही सुधारू नये, बंदच ठेवावी. आणि पाळकांनी दर वेळी ‘हो, झाली क्षमा’ असं आश्वासन देत बसू नये. त्याने तासभर बरं वाटतं आणि चक्र घट्ट होतं. जीव देण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी डॉक्टर, घरच्यांना सोबत घेऊन.

या बाईंच्या बाबतीत तेवढी पाळी आली नाही. झोप सुधारल्यावर क्षमेची आवर्तनं तीन आठवड्यांत कमी झाली. ती कमी झाली नसती तर पुढचं पाऊल तज्ज्ञाकडेच होतं.

बहीण वहीत पहिल्यांदा आली ती पाचव्या आठवड्यात. नोंद अशी: ‘तिचा वाढदिवस. मी फोन हातात घेतला. नंबर काढला. ठेवला.’ भीती कशाची? ‘ती म्हणेल, आता आठवण झाली का.’ उद्यासाठीच्या कृतीची जागा कोरी. ती भरायला दहा दिवस लागले, आणि घाई केली नाही हे बरंच झालं. माफी मागायची तर कशाची, हे आधी तीन वाक्यांत लिहून पाहिलं. ‘मी सगळ्यांसमोर म्हणाले की तू फक्त पैसे पाठवलेस.’ एवढ्याचीच माफी. पाच महिन्यांचा हिशेब त्यात घालायचा नाही, ‘पण तूही’ हे शब्द आणायचे नाहीत.

फोन चार मिनिटं चालला. बहिणीने माफीवर काहीच म्हटलं नाही, मुलांची चौकशी केली आणि ठेवला. बाईंना वाटलं, देवाने दार बंद केलं. त्यावर एवढंच विचारलं: तिने फोन उचलला, हे तुमच्या नोंदीत आहे का? नव्हतं. त्यांनी तिथेच पेन काढून लिहिलं, शेजारी ‘गुरुवार, रात्री आठ, पुन्हा’ असं घातलं.

त्याच्या पुढच्या भेटीला त्या वीस मिनिटं उशिरा आल्या. बस चुकली होती. पिशवीतून वही काढता काढता म्हणाल्या, बहिणीचा बुधवारीच आला होता फोन, वडिलांच्या तपासणीला कोण नेणार ते विचारायला, आणि पुन्हा थोडं वाजलंच.