तेवीस नव्हे, दोन-तीन

प्रश्न : बाई, रक्तगटांवरच्या एका लेखात ‘डफी रक्तगट : १क्यू२३’ असं छापलं होतं. तेवीस म्हणजे काय मोजलंय? आणि जनुक दिसत नसताना त्याची जागा सापडते कशी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी ते ‘तेवीस’ सोडा! वाचायचं असं : एक, क्यू, दोन-तीन. एक हा गुणसूत्राचा क्रमांक. गुणसूत्राला कंबर असते, म्हणजे सेंट्रोमिअर. तिच्या वरचा आखूड हात पी, खालचा लांब हात क्यू. दोन हा त्या हातावरचा विभाग, तीन हा त्यातला पट्टा. मोजायचं कंबरेपासून टोकाकडे. गुणसूत्रांना जरासं ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं विकर) लावून गीम्सा रंग दिला की हे गडद-फिके पट्टे उमटतात. आमच्या वेळी त्यांचे फोटो कात्रीने कापून, जोड्या लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. तेवढा वेळ पंखा बंद! एकदा मेच्या उकाड्यात कोणीतरी तो लावला आणि एक एकवीस नंबर उडाला. सगळ्यांत बुटका तोच. एकवीस नंबरची गुणसूत्रं दोन की तीन यावर डाउन सिंड्रोम या जन्मजात विकाराचं निदान, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे उतरले. शेवटी सापडला माझ्या डब्याच्या झाकणाखाली.

आता डफी, म्हणजे ए-बी-ओसारखीच रक्तगटांची आणखी एक पद्धत. १९६८ साली ही पट्ट्यांची युक्ती नव्हतीच. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पीएचडी करणाऱ्या रॉजर डोनाह्यूने स्वतःचीच गुणसूत्रं पाहिली, तर एक नंबरच्या जोडीतलं एक कंबरेजवळ सैल, म्हणून लांबट. त्रास काहीच नाही. दुसरा कोणी स्लाइड पुसून मोकळा झाला असता. याने नातेवाइकांचं रक्त गोळा केलं. लांबट एक कोणाकडे आहे ते लिहिलं, शेजारी प्रत्येकाचे रक्तगट. डफीचा एक ठरावीक प्रकार त्या लांबट गुणसूत्राच्या जोडीनेच पिढीतून पिढीत उतरत होता.

बीजपेशी तयार होताना जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात. दोन खुणा जितक्या जवळ, तितकी त्यांची ताटातूट क्वचित. म्हणजे डफीचं जनुक एक नंबरवरच, त्या सैल भागापासून फार लांब नाही. लिंगगुणसूत्रं वगळता माणसाच्या जनुकाला गुणसूत्राचा क्रमांक मिळाला तो हा पहिला. पट्टा पुढे, दुसऱ्या तंत्रांनी ठरला. नव्या पुस्तकांत १क्यू२३.२ असं दिसेल, पट्ट्यातला उपपट्टा. तेही वाचायचं दोन-तीन-पॉइंट-दोन.