वडिलांच्या नावाने देणगी द्यायची तर एकाच कामाला, आणि त्याच्या चालू खर्चाला

वडिलांच्या स्मरणार्थ इंदूरसाठी पाच लाख रुपये द्यायचे आहेत, थोडे रुग्णालयाला, थोडे नाटक-संगीताला, थोडे झाडांना, थोडे गल्लीतल्या बागेला, आणि यावर घरात एकमत होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. एका सार्वजनिक न्यासाचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले आहेत. त्यावरून सांगते, चार वाटे करू नका आणि वस्तू देऊ नका. एक काम निवडा आणि त्याचा चालू खर्च उचला.

वस्तू द्यायला माणसं भेटतात. थंड पाण्याची मशीन, बाक, खोली, यांवर नाव कोरता येतं. वीजबिलावर, तंत्रज्ञाच्या पगारावर, माळ्याच्या मजुरीवर कोरता येत नाही, म्हणून तिथे पैसा येत नाही आणि नेमकी तिथेच कामं अडतात. माझ्या माहितीतल्या एका धर्मादाय दवाखान्याला कुणीतरी फार मोठ्या मनाने डायलिसिसचं यंत्र दिलं. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. ते शुद्ध करणारं संयंत्र, नळ्या, फिल्टर, हाताशी तयार माणूस, यांतलं काहीच पाठोपाठ आलं नाही. यंत्र नवं असतानाच झाकून ठेवावं लागलं. देणाऱ्याचा हेतू किती चांगला होता हे मला माहीत आहे, म्हणूनच ते पाहताना जीव तुटायचा.

आपल्या गावाला हे नव्याने शिकायला नको. पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना ‘खासगी’, म्हणजे त्यांचं स्वतःचं वेगळं उत्पन्न, लावून दिलं, ते पुढे अहिल्याबाईंच्या हाती आलं, आणि त्या खासगीतून त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली. १७८० च्या सुमाराचं काशी विश्वनाथाचं देऊळ सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याहून मोठी वाटते ती मागची व्यवस्था. नुसतं बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजेला, अन्नछत्राला, देखभालीला जमिनी आणि नेमणुका लावून दिल्या, म्हणून त्यांच्या पश्चातही ती कामं चालत राहिली.

आज ही जागा बरीचशी रिकामी आहे, आणि तुमच्यासारख्या कुटुंबाचं महत्त्व इथेच आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला (सीएसआर) द्यावे लागतात. आरोग्य, पर्यावरण, कला, वारसा, सगळं त्यात बसतं. रकमाही मोठ्या असतात. पण जानेवारी २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीला दिलेले पैसे सीएसआर म्हणून धरले जात नाहीत, आणि चालू प्रकल्प म्हटला तरी सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षं मिळतात. चौथ्या वर्षी काय, हा प्रश्न प्रत्येक संस्थेच्या बैठकीत येतो. घरच्या पैशाला ही अट नाही. तुम्ही मूळ रक्कम कायम ठेवून फक्त व्याज वापरायला सांगू शकता. सात टक्के धरले तर पाच लाखांचे वर्षाला ३५,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,९०० च्या आसपास. महागाई आहे, तेव्हा त्यातलेही थोडे दरवर्षी मुद्दलात टाकायला सांगा.

एवढ्याशा पैशात काय होतं असं वाटेल. तुमच्या जागी मी असते तर आरोग्य निवडलं असतं. एमवाय या आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला झाबुआ, अलिराजपूर, बडवानीकडून माणसं येतात. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दाखल झाल्यावरचे. नुसतं ओपीडीत दाखवायला पुन्हा यायचं, सोबतच्या माणसाने कुठेतरी राहायचं, बसभाडं, दोन वेळचं जेवण, हे त्यात येत नाही. इतक्याच पैशापायी लोक तपासणीला परत येत नाहीत आणि झालेला उपचार वाया जातो. महिन्याला २,९०० रुपयांत अशा काही माणसांचं येणं-जाणं नक्की होतं. असं काम करणारी नोंदणीकृत संस्था शोधा, त्यांच्या कार्यकर्त्यांबरोबर एक दिवस वॉर्डात फिरा, मग ठरवा.

झाडांसाठी द्यायचंच असेल तर रोपांना देऊ नका. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात १२ लाखांवर रोपं लागली. लावायला आपलं शहर कमी पडत नाही. पण माळव्याची काळी जमीन उन्हाळ्यात तडकते आणि रोपाचं खरं काय ते पहिल्या तीन उन्हाळ्यांत ठरतं. टँकर आणि पाणी घालणारा माणूस, यांना पैसे द्या. सिरपूर तलाव बघा. होळकरांच्या काळातला हा तलाव भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पहारा देऊन, अवैध मासेमारी आणि वृक्षतोडीशी भांडून राखला, तेव्हा कुठे २०२२ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेला. मोंढे मूळचे कलावंत, हे मला फार मोलाचं वाटतं.

कलेचं गणित वेगळं आहे. देवळालीकर मास्तरांची चित्रशाळा १९२७ मध्ये संस्थानच्या आश्रयाने निघाली आणि तिथून बेंद्रे, हुसेन यांसारखे चित्रकार घडले. तसा आश्रय आता कुणी एकटा देऊ शकत नाही. मुंबई-पुण्याहून नाटक आणायचं तर प्रवास, ट्रक, मुक्काम हा खर्च एका प्रयोगात निघत नाही. सानंद या इथल्या संस्थेने सभासदांचे गट करून एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग लावले, आगाऊ वर्गणी घेतली, म्हणून इंदुरात मराठी नाटक टिकलं. कलेसाठी घरातल्या सगळ्यांनी सभासद व्हा, दरवर्षी नूतनीकरण करा आणि प्रयोगाला जा. स्मृतीचे पाच लाख त्यात घालू नका.

महापालिकेच्या मोठ्या कामांना तुमच्या देणगीची गरज नाही. जलूदहून नर्मदेचं पाणी वर चढवायच्या विजेसाठी तिने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले आणि सामान्य लोकांनीही ते घेतले. गल्लीतली बाग तुम्ही सगळे शेजारी मिळून वर्गणीवर चालवू शकता.

आता कागदपत्रं. मध्य प्रदेशात महाराष्ट्रासारखे धर्मादाय आयुक्त नाहीत. १९५१ च्या कायद्याखाली लोक न्यासाची नोंदणी जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडे असते, तो दाखला बघा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब मागा, द्यायला खळखळ करणाऱ्यांना पैसे देऊ नका. रक्कम चेकनेच द्या, दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही. आयकराची नवी पद्धत घेतली असेल तर देणगीवरची वजावट मिळत नाही, हे आधीच भावाच्या कानावर घाला. आणि चेकसोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा की ही रक्कम कायम निधीसाठी आहे. ते लेखी नसेल तर संस्था ती चालू वर्षात खर्च करू शकते.

नाव कुठे लागेल, असं आईंनी विचारलंय. त्यांना ते हवं आहे, आणि ते योग्यच आहे. निधीलाच वडिलांचं नाव द्या. वार्षिक अहवालात दरवर्षी त्या नावाखाली व्याज किती आलं आणि कशावर गेलं याची एक ओळ छापायला सांगा, आणि अहवालाची एक प्रत आईंच्या हातात पोचेल असं त्याच पत्रात लिहून घ्या.